खलाशांची शेवटची सभा

खलाशी संघटनेची शेवटची सभा समुद्रापासून दूर, विदर्भात वरोऱ्याजवळ निवृत्त खलाशी देवरावांच्या अंगणात झाली. मुंबईतलं ऑफिस जागामालकानं परत घेतलं होतं. सरचिटणीस हरिदास सारंग फोनवर म्हणाले होते, "संघटना बंद करायची तरी रीतसर सभा हवी. बसायलाही जागा नाही आता."

"मंग माह्यं घर कायले हाय? इथीच या सारे," देवराव म्हणाले.

उरलेसुरले म्हातारे सभासद रेल्वेनं आले. कापूस नि सोयाबीनच्या या मुलखात एवढे खलाशी गावानं प्रथमच पाहिले.

एकेकाळी या संघटनेच्या शब्दाशिवाय मुंबईच्या गोदीतून जहाज हलत नसे. देवरावांसारख्या, ना ओळख ना वशिला अशा बौद्ध शेतमजुराच्या मुलाला तिच्यामुळेच यादीतल्या पाळीनं जहाजावर काम मिळालं. मग इथले कायदे टाळायला कंपन्यांनी जहाजांवर परदेशी झेंडे लावले, भरती एजंटांच्या हाती गेली. माणसं कमी लागू लागली. पुढाऱ्यांच्या भांडणात संघटनेचे दोन तुकडे झाले, आणि एजंट काम देणार नाही या भीतीनं नवे खलाशी सभासद होईनात.

ठराव वाचता वाचता हरिदास अडखळले. "चालती संघटना माझ्या हाती दिली होती तुम्ही. मला टिकवता आली नाही. माफ करा."

चहा देत असलेल्या अंजनाबाई, देवरावांच्या पत्नी, थांबल्या.

"मी सभासद नाई. पन बोलू का?"

"बोला ना, वहिनी."

"माह्या लग्नाले वरीसबी झालं नोतं. हे जहाजावर पोटाच्या दुखन्यानं तडफडून राह्यले होते. कप्तान म्हने, पुढच्या बंदरात पाहू. तुमी त्याच जहाजावर होते, साऱ्याइले काम थांबवाले लावलं, जहाज वळवलं. डाक्टर म्हने, आनखी उशीर झाला असता तं मानूस गेला असता. त्याच्यापायी तुमाले किती वर्सं जहाज भेटलं नाई. आमची पोरगी नूतन त्याच्यानंतरची हाय. तुमी माफी काऊन मांगता, भाऊ?"

हरिदासांनी चष्मा काढून पुसला. "मी एकटा नव्हतो हो. खाली इंजिनवाल्यांनी आधी काम सोडलं, म्हणून माझं चाललं. हा सुनिल होता त्यांच्यात पुढे."

देवराव चमकले. त्या वेळी ते शुद्धीवर नव्हते, आणि नंतर हरिदासांचं नावच तेवढं त्यांच्या कानी आलं होतं. कोपऱ्यात बसलेला सुनिल संकोचून म्हणाला, "त्यात काय सांगायचं? संघटनेचा माणूस आजारी होता."

देवराव उठले. सुनिलचे दोन्ही हात धरून नुसते उभे राहिले. "इतके वर्सं झाले," ते एवढंच म्हणाले.

ठराव मंजूर झाला. हात वर करताना दोघातिघांचे डोळे ओले झाले. मग सगळे वडाभात, म्हणजे भातात कुस्करलेले डाळीचे वडे, जेवायला बसले, आणि अंजनाबाईंनी कुणालाच लवकर उठू दिलं नाही.

संध्याकाळी नूतन दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी आली. तिनं सगळ्यांना जय भीम केला. देवरावांनी तिला आधी सुनिलपुढे नेलं आणि दुपारी कळलेलं सारं सांगितलं. ती त्याच्याजवळच बसली.

"काका, तब्येत कशी आहे तुमची?"

"चक्कर येते कधी कधी."

तिनं बॅगेतून बीपीचं मशीन काढलं. सुनिलचं पाहून होईतो हरिदासांनीही बाही वर केली, आणि मग एकेक म्हातारा खुर्ची सरकवत तिच्याकडे येऊ लागला.