तेरा दिवस आधी उभा राहिलेला कठडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कठडा आहे. यावोरिश्ते गावच्या नगरपालिकेत माझ्यासारखे चाळीस जण आहेत. मिरवणूक, जत्रा, सायकलींची शर्यत, काहीही असले की आम्हाला रस्त्यात आडवे उभे करतात. वर्तमानपत्रवाले आम्हाला बॅरिकेड म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म इथल्याच वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. एक पाय जोडताना वेल्डरचे लक्ष रेडिओवरच्या फुटबॉल सामन्याकडे होते, म्हणून तो जरा आखूड राहिला आणि मी आजही डुलतो. असल्या डुगडुग्याला मधोमध कोण ठेवणार? मला रांगेच्या टोकाला भिंतीला टेकवून उभे करतात. टोकाचा म्हणून परवान्याचा कागदही प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्याच गजाला बांधतात. त्यामुळे गावातले परवाने माझ्याइतके नीट कुणी वाचलेले नाहीत.

खरे सांगतो, गाडी मला पाहून थांबत नाही, त्या कागदाला पाहून थांबते. एकदा एका लग्नघराने मला आणि माझ्या शेजारच्या कठड्याला न विचारता उचलून नेले आणि घरासमोरचा रस्ता अडवला. पोलिसाने कागद मागितला. कागद नव्हता. नवरदेवाच्या मामांनी आम्हाला पुन्हा नगरपालिकेच्या डेपोत वाहून आणले, मागे अकॉर्डियनवाला वाजवतच होता. त्या दिवशी मला फार कमीपणा वाटला.

हा कागद सहज मिळत नाही. अर्ज, रस्त्याचा नकाशा, गाड्यांनी वळसा कुठून घ्यायचा ते, पोलिसांची सही, अग्निशमन दलाची सही, बसवाल्यांना पत्र. सगळे कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी. त्यात साहेब कॉफीला गेलेले असले तर सोमवारी या.

आता मिलुंकाबाईंची गोष्ट. त्या इथल्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. अर्धे गाव त्यांच्या हाताखालून गेले आहे आणि उरलेले अर्धे त्यांना अजून घाबरते. पेत्रोवदानच्या, म्हणजे संत पीटरच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मुले रानचेरीच्या सालीच्या मशाली पेटवून गरागरा फिरवत रस्त्याने जातात. पण आमचा मुख्य रस्ताच लाकूडकारखान्याच्या ट्रकांचा. म्हणून नऊ वर्षांपूर्वी नगरपालिकेने मशाली फुटबॉलच्या मैदानावर हलवल्या. मैदान गावाबाहेर. गेल्या वर्षी तिथे पाच मुले आली होती. बाईंनी चार वर्षे नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे साहेब म्हणाले, "या वर्षी रस्ता देतो. पण कागदात काही कमी राहिलं, तर मग कायमचं मैदान."

परवाना आला. अठ्ठावीस जूनला दुपारी चार वाजता डेपोचा ड्रायव्हर स्रेत्को आम्हाला ट्रकमधून घेऊन आला. रस्ता अडवला, कागद माझ्या गजाला बांधला. बस वळसा घालून गेली. आणि नंतर काहीच झाले नाही. मुले नाहीत, मशाली नाहीत. मिलुंकाबाई समोरच्या आपल्या बाल्कनीत जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"काय रे स्रेत्को, हे काय मांडलंस?" त्यांनी वरूनच विचारले.

"तुमच्या मशाली ना, काकू!"

"मशाली? अरे, पेत्रोवदान बारा जुलैला असतो. अकराला मशाली!"

"ते मलाही माहितीये. पण कागदावर आजची तारीख आहे. मी कागदाचा माणूस."

बाई खाली आल्या, चष्मा लावला आणि कागद वाचला. मग त्यांनी माझी वरची नळी घट्ट धरली. आमच्या चर्चच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवसाला दोन आकडे असतात. एक चर्चचा जुना, दुसरा साऱ्या जगाचा, आणि दोघांत तेरा दिवसांचे अंतर. बाईंनी अर्ज भरताना जुना आकडा उतरवून काढला होता. त्यावर पोलिसांची सही झाली, अग्निशमन दलाची झाली, साहेबांचा शिक्काही बसला. पेत्रोवदान कधी असतो हे यांतल्या प्रत्येकाला झोपेतही सांगता आले असते.

स्रेत्कोने फोन केला तसा परवान्यांचा कारकून त्रिफुन धावत आला. मोठा पंचेचाळिशीचा गृहस्थ, पण बाईंसमोर येताच त्याने शर्टाचे वरचे बटण लावले.

"बाई, नवा अर्ज नाही घेता येणार. पंधरा दिवस लागतात, आपल्याकडे तेराच आहेत. साहेब म्हणतात, मैदानावर करा."

"एकदा मैदानावर गेलं की संपलंच ते, त्रिफुन."

"एक वाट आहे. मंजूर झालेला कार्यक्रम पुढे ढकलता येतो. सह्या पुन्हा नव्याने घ्यायच्या, त्या मी फिरून आणतो. पण कारण लिहून द्यावं लागतं, आणि ते परवान्यावर छापून येतं."

"मग पाऊस लिही."

"कुठाय पाऊस? ऊन भाजतंय नुसतं."

"आजारपण लिही."

"कुणाचं, बाई? तुम्ही तर आत्ता दोन जिने धावत उतरलात."

स्रेत्को तोंड फिरवून हसला. बाईंना कळून चुकले. त्यांची चूक माझ्या गजाला टांगली जाणार होती आणि सारे गाव ती वाचणार होते. आयुष्यभर लाल पेन चालवलेल्या माणसाला हे किती झोंबले असेल! मग त्या त्रिफुनवरच उसळल्या.

"आणि तू रे? टेबलामागे बसून करतोस काय? तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"पाचवीत एकदा तुम्ही फळ्यावर नदीचं नाव चुकीचं लिहिलंत. मी बोट वर करून सांगितलं. महिनाभर मला शिक्षेच्या त्या गाढवाच्या बाकावर बसवलंत, बाई. तुमची चूक काढायची हिंमत नाही होत अजून."

बाईंनी हात पुढे करून पेन मागितले, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सावकाश लिहू लागल्या. त्रिफुनने वाचले आणि म्हणाला, "एवढं लिहायची गरज नव्हती." "छाप म्हटलं ना!" त्या म्हणाल्या.

अकरा जुलैला मी पुन्हा त्याच कोपऱ्यात उभा होतो. साडेआठच्या सुमारास ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, वैतागून कागदापाशी आला आणि वाचू लागला. "तारीख बदलण्याचे कारण: अर्जदार शिक्षिकेने तारीख चुकीची लिहिली. तिची चूक दाखवणाऱ्या मुलाला तिने गाढवाच्या बाकावर बसवले होते, म्हणून या वेळी कुणी दाखवली नाही." त्याने ते दोनदा वाचले. मग ट्रकचे इंजिन बंद केले आणि माझ्यावर कोपरे टेकून उभा राहिला. माझ्या मागच्या मोकळ्या रस्त्यावरून मुले आली, मोजता येणार नाहीत इतकी, मशाली फिरवत. पुढे मिलुंकाबाई चालत होत्या आणि त्यांच्या शेजारी दंडाला स्वयंसेवकाचा पट्टा बांधून त्रिफुन. मला फार आनंद झाला, मित्रांनो.

आता माझा रंग उडाला आहे. लोक मला सरकवून गाडी लावतात, पोरे माझ्यावर झोके घेतात. तसे करू नका, एवढे मागणे आहेच. पण दुसरे मागणे त्याहून मोठे आहे. सही करण्याआधी कागद वाचा. चूक दिसली तर बोला. आणि जो बोलेल त्याला गाढवाच्या बाकावर बसवू नका, कारण तो पुढे पस्तीस वर्षे गप्प राहतो.