चाकापुढचा दगड

विलास घाबरट आहे, हे भूगावातल्या त्या उतारावर कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. सगळा दोष त्याचाही नव्हता म्हणा. पुण्यात एका विमा कंपनीत तो गाड्यांच्या अपघातांचे क्लेम तपासायचा. दिवसभर पंचनामे वाचायचे, चेपलेल्या बॉनेटचे फोटो बघायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन सात वर्षांच्या पोरीला खुशाल सायकल चालवू द्यायची, हे कुठल्याही बापाला जडच गेलं असतं. "जपून" हा शब्द त्याच्या तोंडात बसला होता. दिशा जिना उतरली की जपून, दूध प्यायली की जपून. एकदा ती नुसती शिंकली तर हा स्वयंपाकघरातून ओरडला, "जपून गं!"

आणि अशा माणसाच्या बायकोनं जुनी जीप विकत घ्यावी!

मृण्मयी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. दिवसभर काचेआड बसून तिला विटल्यासारखं झालं होतं. ताम्हिणीत जायचं, ओढ्यातून गाडी घालायची, मुरमाड टेकाडं चढायची, आणि हे सगळं दिशाला शेजारी बसवून करायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. गणपती बसायच्या आधी तिनं पौडच्या पुढच्या एका फार्महाऊसवाल्याकडून ही जीप आणली. फोर व्हील ड्राइव्ह, रंग उडालेला हिरवा, बॅटरी मरतुकडी आणि हँडब्रेकची तार तुटलेली. विलासनं पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत वाकून हँडब्रेक ओढून बघितला.

"मृण्मयी, हँडब्रेक लागत नाही हिचा."

"करू रे. आधी टायर."

मग सुरू झाले बेत. दिशाचे रंगीत खडू घेऊन मृण्मयीनं अंगणातल्या फरशीवर हातभर जीप काढली आणि रोज संध्याकाळी तिच्यात भर घालायला लागली. मोठे टायर निळ्या खडूनं. गाडी चार बोटं उंच करायची, ते पिवळ्यानं. पुढं लोखंडी गार्ड, त्याच्यावर चिखलातून गाडी ओढून काढायचं विंच, टपावर चार दिवे. गाडी उलटली तर माणसं चेपू नयेत म्हणून आत जाड पाइप आधीच होता. त्याच्यापुढं आणखी एक जोडायचा बेत होता.

"उलटली तर?" विलास म्हणाला. त्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

दरवाजे तर तिनं पहिल्याच रविवारी पान्यानं खोलून जिन्याखाली ठेवून दिले. दिशा टाळ्या पिटत होती. विलास मात्र उघड्या बाजूकडं बघत राहिला. सीट, आणि सीटच्या शेजारी सरळ जमीन. मध्ये काहीच नाही. त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि पुढंही धड कधी लागली नाही. डोळा लागला की दिशा त्या मोकळ्या जागेतून घसरताना दिसायची आणि तो घामानं भिजून उठायचा. हे तो कुणाला सांगायचा नाही, कारण सांगून उत्तर काय मिळणार ते त्याला पाठ होतं.

गाडी उभी राहायची ती घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून. त्यालाही कारण होतं. बॅटरी सकाळी उठायलाच मागायची नाही, मग धक्का मारून गाडी चालू करावी लागायची. मृण्मयी स्टिअरिंगवर, दिशा तिच्या शेजारी, आणि घरमालक गेणबा धक्का मारायला. सोबत कधी विलास. जीप गडगडत खाली जायची, अर्ध्या उतारावर फुर्र करून चालू व्हायची आणि दिशा हसून हसून दमायची. रात्री मृण्मयी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची. "गिअरमध्ये आहे, हलायची नाही," असं ती सांगायची. विलासचा गिअरवर काडीचा विश्वास नव्हता. तो रोज पुढच्या दोन्ही चाकांपुढं एकेक दगड ठेवायचा, चांगला डोक्याएवढा, आणि झोपायच्या आधी दोन्ही जागेवर आहेत का ते बघून यायचा.

गेणबाला त्याची गंमत वाटायची. "काय साहेब, दगुड निजला का?"

उताराच्या तळाशी रस्ता डावीकडं वळून फाटकाकडं जायचा. नाकासमोर मात्र गेणबाचा उकिरडा होता. आणि उकिरड्याच्या मागं काहीच नव्हतं. पौड रस्ता रुंद करताना तिथली माती उभी कापून नेलेली, दीड पुरुष खोल, आणि खालून दिवसभर बिल्डरांचे डंपर धडधडत जायचे. कठडा घालायचं राहून गेलं होतं. त्या वर्षी गावोगाव चिकुनगुनियाची साथ होती, तेव्हा विलासनं डासांच्या भीतीनं उकिरडा हलवायचा धोशा लावला. गेणबानं दोन म्हशींकडं हात केला. "ह्यांनी शेण टाकायचं कुटं मग? दसरा होऊ द्या, हलवतो."

दसरा उजाडला. सकाळीच धोंडाबाई, म्हणजे गेणबाची बायको, झेंडूच्या माळा घेऊन आली, मागोमाग गेणबा. गाडी नवी नसली तरी घरात नवी होती, तेव्हा पूजा व्हायलाच हवी होती. त्यातून पुढच्या रविवारी ताम्हिणीचा बेत ठरलेला. मृण्मयीला पूजेबिजेचं फारसं नव्हतं. हार घातला, झालं. पण विलासनं हट्ट धरला. एरवी देवाधर्मात तोही यथातथाच, पण त्या आठवड्यात त्याला जे मिळेल ते हवं होतं. परभणीला आईला फोन करून त्यानं सगळं नीट विचारून घेतलं होतं. हळदकुंकू, नारळ, बॉनेटवर स्वस्तिक, आणि चाकांखाली लिंबं. लिंबावरून गाडी गेली की इडापिडा टळते. लिंबं त्यानं स्वतः मंडईतून निवडून आणली, डाग नसलेली.

मृण्मयीनं स्वस्तिक काढलं. दिशा नवा फ्रॉक घालून पुढच्या सीटवर चढून बसली.

"खाली उतर, पूजा व्हायचीय," विलास म्हणाला.

"बसू दे रे. गाडी उभी आहे, तिला काय होणार आहे?" मृण्मयी म्हणाली. मग ती दिशाला आतलं दाखवायला लागली. गिअरचा मोठा दांडा, आणि त्याच्या शेजारी छोटा दांडा. छोटा मागं-पुढं केला की चारी चाकांना जोर मिळतो, चढ चढता येतो. तिनं तो दोनतीनदा खाटखुट करून दाखवला, दिशानंही दोन्ही हातांनी ओढून बघितला. "रविवारी तू टाकायचास हं." एवढं बोलून मृण्मयी नारळ आणि किल्ली आणायला घरात गेली.

विलास लिंबं घेऊन चाकापाशी बसला. लिंबू चाकाच्या पुढं ठेवायचं, आणि तिथं तर त्याचा दगड.

"दगुड काडा की आता," धोंडाबाई म्हणाली. "लिंबावरनं जायला पायजे ना गाडी. दगुड कसा चालंल पूजंला?"

त्यालाही ते पटलं. उजव्या चाकाचा दगड सहज निघाला. तिथं त्यानं लिंबू ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. दुसरं लिंबू मुठीत धरून तो डाव्या बाजूला आला. हा दगड मात्र निघेना. ओढून बघितला, हलवून बघितला, तरी तो घट्ट. सगळी गाडी आपला भार टाकून त्या एका दगडावर टेकली होती, आणि रोज रात्री जाऊन तो दगड बघणाऱ्या ह्या माणसाला त्या दिवशी ते कळू नये! त्याला वाटलं, पावसाच्या चिखलानं धरलाय. तो उभा राहिला आणि टाचेनं त्यानं दगडाला दोन लाथा घातल्या.

दुसऱ्या लाथेला दगड सुटला.

आधी आवाज झाला तो पलीकडच्या लिंबाचा. पच्च.

"फुटलं बगा लिंबू!" धोंडाबाईनं हात जोडले.

गाडी सरकली. इंजिन बंद, स्टिअरिंगवर कुणी नाही, आणि दिशा पुढं बसलेली. विलासनं तोंड उघडलं. त्याला ओरडायचं होतं, मृण्मयी म्हणायचं होतं, उतर म्हणायचं होतं, काहीही. घशातून हवासुद्धा बाहेर आली नाही. जन्मभर ज्या एका क्षणासाठी त्यानं "जपून" हा शब्द घासूनपुसून ठेवला होता, तो क्षण समोरून चाकं फिरवत निघाला होता आणि शब्द जागेवर नव्हता. त्यानं सीटमागचा तो जाड पाइप पकडला आणि मागं ओढला. जीपला त्याचं काही वाटलं नाही. तिनं त्याला सोबत घेतलं. तो पळायला लागला, एक चप्पल कुठं गेली ते कळलं नाही, पायाखालून मुरूम निसटायला लागला. दिशाची वेणी त्याच्या हाताच्या अंतरावर होती. एक हात पाइपला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडत नव्हती.

वर गेणबा आणि धोंडाबाई कौतुकानं बघत उभी होती. साहेब धक्का मारतायत, रोजचंच आहे.

समोर उकिरडा मोठा होत होता, आणि त्याच्यामागं डंपरचा हॉर्न वाजला. विलासला एकाच वेळी सगळे पंचनामे आठवले. मयताचं नाव, वय, गाडीची स्थिती. वयाच्या जागी सात. त्याला इतकी भीती वाटली की भीती वाटतेय हेसुद्धा त्याला कळेनासं झालं. फक्त पाय पळत होते.

जीप नाकासमोर गेली आणि उकिरड्यात घुसली. शेण, उसाची चिपाडं, चाळलेला भुसा, सगळं बॉनेटवर आलं. गाडी आणखी थोडी आत सरकली, मागची चाकं जराशी उचलल्यासारखी झाली आणि खाली टेकली. पलीकडून थोडी माती सुटली आणि खाली रस्त्यावर पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

विलास पाइप सोडेना. दिशा समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. केसांत कडबा, गालावर शेणाचा शिंतोडा. तिनं वळून बघितलं.

"बाबा, चालूच नाही झाली की!"

विलास पाइपाला धरूनच तिच्या बाजूला सरकला.

"मला आधी वाटलं आई नाही, गाडी अशीच चालली. मी उडीच मारणार होते," दिशा म्हणाली. "पण तू काही ओरडलाच नाहीस. नुसता पळत होतास. मग म्हटलं, बाबा धक्का मारतोय, म्हणजे सगळं बरोबर आहे."

विलासनं सीटच्या शेजारी बघितलं. तीच मोकळी जागा, जी त्याला महिनाभर झोपू देत नव्हती, आणि तिच्या लगेच मागं ते काळं मोठं चाक. उडी मारली असती तर ती त्याच्याखालीच पडली असती. आपण "जपून" म्हणालो असतो तर तिनं उडी मारली असती. तो तिथंच शेणात बसला, आणि लहान पोरासारखा रडला.

मृण्मयी धावत आली तेव्हा नारळ तिच्या हातात तसाच होता. तिनं दिशाला हात लावून बघितलं, डोकं, मान, हात, पाय, पुन्हा डोकं. मग ती आत वाकली. मोठा दांडा पहिल्या गिअरमध्येच होता. छोटा दांडा मात्र मध्ये अडकून राहिला होता, ना इकडं ना तिकडं. तो मध्ये राहिला की गिअरचा चाकांशी संबंधच उरत नाही. हे तिला माहीत होतं. गाडी घेताना तिनंच ते वाचून विलासला समजावून सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला विलासनं खालून बघितला. ती एरवी वादात हरायची नाही, आणि आत्ता तर कुणी वादही घालत नव्हतं.

"मीच मध्ये सोडला," ती म्हणाली.

"दगड मी काढला," विलास म्हणाला. आवाज आला खरा, पण ओळखू येण्यासारखा नव्हता.

गेणबा धापा टाकत खाली पोचला. आधी पोरीकडं, मग उकिरड्यापलीकडच्या कड्याकडं त्यानं बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली. "उद्या हलवायचं म्हनत हुतो," एवढंच तो म्हणाला. धोंडाबाई पदर तोंडात धरून उभी होती.

विलासनं मूठ उघडली. आतलं लिंबू चेपलं होतं, फुटलं नव्हतं. नखांचे व्रण त्याच्या तळव्यावर होते आणि लिंबाच्या सालीवरही.

दिशाला ह्या मोठ्या माणसांचं काही कळेना. घरात श्रीखंड होतं आणि फ्रॉकला वास येत होता. तिनं सीटवरून एक पाय बाहेर काढला आणि खालच्या भुशात कुठं टेकावा ते शोधायला लागली. पायरीपासून जमीन वीतभरच होती. विलासनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"जपून," कुणीतरी म्हणालं. "जपून उतर गं, राणी. हळू. मला धर."

दिशा एक पाय हवेत धरून थांबली आणि आईकडं बघायला लागली. मृण्मयीनं दोन्ही हात पुढं केले होते.

"आई," ती म्हणाली, "आता तू पण?"