चाळीस दारांचा पाला

माझी चव तुम्हाला आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी घोडपदेवच्या एका चाळीच्या अंगणातला जुना कडुनिंब आहे. पाडव्याला माझी दोन कोवळी पानं चावताना तुम्ही जी तोंडं वाकडी करता, ती पाहण्यात माझा जन्म गेला. तेव्हा, मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

आमचं एक गुपित माणसांना ठाऊक नाही. तोडलेली डहाळी तीन दिवस माझीच असते. ती ज्या दारावर खोचाल, त्या दारातून मला आतलं सगळं ऐकू येतं. कोण हसतं, कोण कण्हतं, कोणाचा श्वास जड झाला आहे. घरात कोणाला देवी आल्या, म्हणजे अंगभर फोड उठवणारा तो जीवघेणा रोग आला, की दारावर माझा पाला लावायची इथली रीत. त्यामुळे चाळीतली बहुतेक दुखणी मी आत बसून पाहिली आहेत.

दुखणी मलाही होतात. पानावर बुरशी बसली की तिच्या भोवतीच्या पेशी आपणहून मरतात, म्हणजे तिला पुढे सरकायला जिवंत जागाच उरत नाही. दुखऱ्या पानाची खबर बाकीच्या पानांना जाते आणि ती सावध होतात. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हा फलक लावायला माझ्या खोडात बोटभर लांबीचा खिळा ठोकला होता. तिथून कुजायला सुरुवात झाली, तेव्हा मी त्या जागेभोवती आतून भिंत घातली. जखम अजून तशीच आहे, पण भिंतीच्या अलीकडे मी धडधाकट आहे. हे सगळं जमतं, कारण कुठे लागलं आहे ते मला कळतं. ते कळलं नाही तर मी उभ्या उभ्या पोकळ होईन.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला आणि पोलीस चाळीचाळींतून पोरं शोधत फिरू लागले. आमच्या चाळीतल्या गुणाजीचा धाकटा भाऊ आनंदा त्यांना हवा होता. पहिल्या खोलीतल्या जाईबाईने त्याला आपल्या घरात गोधडीखाली निजवलं. मिलमध्ये उमर घालवलेली, मालवणकडची ही म्हातारी मोठी खमकी होती. तिने माझ्या डहाळ्या तोडल्या आणि चाळीसच्या चाळीस दारांना लावल्या.

“खय चाललात?” तिने हवालदाराला दारातच अडवलं. “देवी इलेत सगळ्या घरांत. जावा आत, तुमच्या पोरांकय घेऊन जावा थोडी.”

हवालदार आल्या पावली परत गेला. त्या रात्री चाळ पोट धरधरून हसली. खरं सांगतो, मीही खूश होतो. फक्त एक गोष्ट मला बरी वाटली नव्हती. चाळीस दारांतून मी कान देऊन ऐकलं, आणि एकाही घरात दुखणं नव्हतं. रिकाम्या घरावर येणाऱ्याचं नाव आधीच लिहून ठेवावं, तसं काहीतरी झालं होतं.

दोन वर्षांनी, अठ्ठावन्न सालच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, जाईबाईने एक डहाळी हळूच तोडून आपल्या दाराला लावली. तिचा सात वर्षांचा नातू भिवा नुकताच गावाहून आला होता. त्याला देवीची लस कधी टोचलीच नव्हती. मी तिच्या दारातून ऐकलं आणि माझी पानं वारा नसताना हलली. या वेळी आत कोणीतरी खरंच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीचे देवी डॉक्टर बाबुराव तान्ह्या पोरांना लस टोचायला येणार होते. जाईबाईच्या नवऱ्याला फार पूर्वी साथीच्या रोग्यांना उचलून नेणाऱ्या गाडीतून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. म्हणून आपलं दार उठून दिसू नये यासाठी तिने उरलेल्या एकोणचाळीस दारांना पुन्हा डहाळ्या तोडल्या. पाडवाच होता, कोणाला संशय येणार?

गुणाजीच्या दारी मात्र ती अडली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्याच्या घरात देवही नव्हते आणि देवीही नव्हती. “मावशे, मी हे मानत नाय,” तो म्हणाला. “डॉक्टरला सांग खरं. टोचून घेऊ दे सगळ्यांना.”

“मिया तुज्या भावाक लपवलंय,” जाईबाई म्हणाली. “आता तू माज्या भिवाक लपव.”

गुणाजीने डहाळी हातात घेतली आणि दारावर खोचली.

बाबुराव आले. हिरव्या दारांच्या ओळीसमोरून ते सावकाश चालत गेले. जाईबाईने सांगितलं, “पाडव्याचो पालो, साहेब.” ते गुणाजीच्या दाराशी थांबले.

“तुम्ही कधीपासून पाडवा करायला लागलात?”

गुणाजीने दारावरची डहाळी सरळ केली. “आजपासून,” तो म्हणाला.

त्याच्या खांद्यावर आठ महिन्यांची कमल होती, सर्दीने नाक सूं सूं वाजत होतं. बाबुरावांनी पेटी उघडली, तिच्याकडे पाहिलं आणि पेटी मिटली. “पोरीला सर्दी आहे. चाळीत एक जरी देवीचा रोगी असता, तरी आत्ताच टोचली असती. तसं काही नाही ना?”

गुणाजीने बाजूला पाहिलं. शेजारच्या दारात जाईबाई उभी होती. चाळीस दारांतून मी ओरडत होतो, मित्रांनो, पण पाल्याची सळसळ कोण ऐकतो?

“नाही,” गुणाजी म्हणाला.

“मग बरी झाली की घेऊन या.”

सर्दी उतरायला आठ-दहा दिवस लागले, आणि ती उतरते न उतरते तोच कमलला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर पुरळ दिसलं. गुणाजी माझ्यापाशी आला, वर बघत बराच वेळ उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या हाताने एक डहाळी तोडली.

तो पाला दारावर चढलेला जाईबाईने पाहिला. आणि ती वेड्यासारखी धावत सुटली. अडतीस दारांवरचा सुकलेला पाला तिने ओरबाडून काढला, भर उन्हात जाऊन बाबुरावांना हाताला धरून आणलं आणि सगळ्या चाळीसमोर ओरडली, “ह्यो माजो दरवाजो! ह्यो तेचो! बाकी सगळा खोटा होता!”

संध्याकाळपर्यंत चाळीतलं प्रत्येक माणूस टोचून झालं. दुखणं तिसऱ्या घरी गेलं नाही. भिवा तोंडभर वण घेऊन वाचला. कमल नवव्या दिवशी गेली.

चाळीत कुजबुज झाली की खोटं बोलावणं केलं म्हणून देवी खरीच आली. मी तसं मानत नाही. श्वासातून आलेला रोग होता तो, त्याला बोलावणं लागत नाही. लपायला जागा मिळाली, एवढंच.

परवा महाराष्ट्र राज्य झालं. चाळीत दिवे लागले, दारोदारी आंब्याची तोरणं चढली. गुणाजीच्या दारावर मात्र ती दोन वर्षांपूर्वीची डहाळी अजून आहे. तो काढत नाही, दुसऱ्या कोणाची छाती होत नाही. पानं कधीच गळली, नुसती काडी उरली आहे. तिचे तीन दिवस केव्हाच सरले. तरीही त्या दारातून मला रोज ऐकू येतं, सर्दीने चोंदलेल्या इवल्या नाकाचं सूं सूं.

मित्रांनो, माझा पाला हवा तेवढा न्या. पण दुखणं असेल त्याच दारी लावा, आणि विचारणारा आला की खरं सांगा. मी आतच असतो, सगळं ऐकत असतो. पण मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.