श्रद्धेचा कागद

सरकारचं पत्र मुख्याध्यापिका बाईंनी मलाच वाचायला दिलं. शाळा धर्मसंस्थेची, फी पालकांची. पण विषय शिकवणाऱ्यांचे पगार सरकार देतं आणि किती शिक्षक ठेवायचे ते मुलांच्या संख्येवर ठरवतं. यंदा अकरा मुलं कमी भरली, म्हणून गणिताचा एक शिक्षक जादा ठरला. गणिताला आम्ही दोघंच, एक सर आणि मी. सरांची बावीस वर्षं झालेली, माझी एकोणीस. गणिताच्या बाईला पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी रडेन म्हणून बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला होता. तहान लागली होती, पिऊन टाकला.

"एक जागा आहे," त्या म्हणाल्या. "प्रार्थना आणि धर्मशिक्षण. तो पगार फीमधून जातो, सरकार त्यात नाक खुपसत नाही. फक्त श्रद्धा आहे असं लिहून द्यावं लागतं. विचार करून सांगा."

हे गेल्यापासून मी देवाचं नाव घेतलेलं नाही. दवाखान्यात सोळा दिवस घेतलं होतं, अगदी मनापासून. सतराव्या दिवशी हे गेले आणि मी देवाशी अबोला धरला. दोन वर्षं झाली. सासूबाईंना ते माहीत आहे, शाळेत कुणाला नाही. आणि आमच्या दोघींचं घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं.

"विचार कसला? आणा कागद," मी म्हणाले.

पदवीच्या रकान्यापुढे पुरावा जोडायला सांगितला होता. श्रद्धेच्या रकान्यापुढे नुसती सही. केली. खोटं लिहिलं, आणि अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. दोन वेळा प्रार्थना केल्याशिवाय त्या घास घेत नाहीत. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना.

"सही केलीस?"

"केली."

त्यांनी हातातली निवडलेली पानं पातेल्यात टाकली.

"मला देवाला सोडवत नाही गं," त्या म्हणाल्या. "या वयात कुठे जाऊ? पण माझ्या मुलासाठी त्याच्याशी भांडणारं एक माणूस तरी घरात होतं."

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.