वरच्या मजल्यावरच्या चादरी

"धुतलेलंच धुवायचं, वाळवलेलंच वाळवायचं. पगार आपल्याला देतात की पाण्याला, तेच कळेना झालंय."

शिडी हे पुटपुटली ते वहिनीच्या अगदी कानाशी. घडी घालताना दुसरा इलाजच नसे. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं. त्या घटकेला शिडीची हनुवटी आणि वहिनीचं कपाळ यांत जेमतेम बोटभर अंतर उरे. शिडी नावाला साजेल इतकी लांब, वहिनी तितकीच आखूड, त्यामुळे त्यांची प्रत्येक घडी वहिनीच्या बाजूला उतरती व्हायची. मुकादम रोज नाक मुरडायचा. पण जोडी बदलून मागायचं दोघींच्याही मनात आलं नाही. हॉस्पिटलच्या तळघरात यंत्रं अशी घरघरत की बोलायचं ते टोकाला टोक लागेल तेवढ्यात बोलून घ्यावं लागे. सासूची दुखणी, जावेचे टोमणे, शिडीच्या लेकीचे भरत आलेले दिवस, सगळं त्यांनी एकमेकींना असं चादरी-चादरीने सांगितलं होतं.

"हळू," वहिनी म्हणाली.

"हळूच बोलतेय. ही चादर सकाळी निळ्या पिशवीतून निघाली तेव्हा हिला आपलीच वाकडी घडी होती. कालची. कुणी उलगडलीसुद्धा नव्हती."

टोकं जुळली, दोघी मागे सरकल्या, आणि बोलणं यंत्रांच्या घरघरीत बुडालं.

निळी पिशवी सकाळ-दुपार वरच्या मजल्यावरून यायची. वरच्या मजल्यावर देशाचा कारभार हाकणारे थोरले होते. सगळा देश त्यांना थोरले म्हणायचा, घरातल्या मोठ्या भावाला म्हणावं तसं, आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना कौतुकाने आणि जरा भीतभीत धाकटे म्हणायचा. थोरल्यांना दवाखान्यात आणलं तेव्हापासून त्यांच्या चादरी वेगळ्या पिशवीत, वेगळ्या लहान यंत्रात धुवायच्या, कोपऱ्यात निळा दोरा ओवायचा आणि वर पाठवायच्या असा हुकूम होता. सुरुवातीला त्या माणसाच्या चादरींसारख्या चादरी होत्या. घामाच्या, औषधाच्या डागांच्या, मधोमध अंगाचा खळगा पडलेल्या. एवढा मोठा माणूस आपल्या आजोबांसारखाच आजारी पडतो हे बघून वहिनीला भरून आलं होतं. मग एके दिवशी चादर घडीसकट परत आली. दुसऱ्या दिवशीही घडीच.

आणि रेडिओवर रोज सकाळी प्रकृतीचं पत्रक वाचलं जाई. प्रकृती स्थिर आहे. रात्री शांत झोप लागली.

तळघरात रेडिओ होता. पत्रक लागलं की सगळ्याजणी माना खाली घालून उशांचे अभ्रे मोजायच्या. अभ्रे इतके काळजीपूर्वक आजवर कुणी मोजले नव्हते. 'काही वरखाली झालं तर', 'उद्या वेळ आलीच तर', असं सगळे म्हणत. त्याच्या पुढचा शब्द कुणीच काढत नव्हतं. दोघा धाकट्यांपैकी एक रोज रुमालाने डोळे पुसत टीव्हीवर दिसायचा, दुसरा दिसायचाच नाही, आणि लोक न दिसणाऱ्याला जास्त घाबरत होते. पेट्रोल पंपावर रांगा होत्या. दुकानं अर्ध्या शटरवर चालली होती. चौकात लष्कराचे ट्रक येऊन उभे होते आणि त्यांतले जवान केळी विकत घेऊन खात होते, त्यांनाही काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसावं.

वहिनीला देशाची काळजी नव्हती असं नाही. पण तिचा नवरा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बसला होता.

तो रंगारी. घरांना रंग द्यायचा. मागे लाँड्रीच्या भिंती त्यानेच रंगवल्या आणि सगळ्या बायकांना ताई-ताई म्हणत डबा खाल्ला, तेव्हापासून हिची इथे वहिनी झाली. थोरल्यांनी सरकारी वसाहत बांधली तेव्हा या दोघांना त्यात दोन खोल्या मिळाल्या. किल्ली थोरल्यांनी स्वतः हातात ठेवली, रंगाऱ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि माईकवर म्हणाले, "मी देतोय. काढून कोण घेतो बघू." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रंगारी त्या दिवशी घरी येऊन रडला. घराची कागदपत्रं मागाहून येणार होती. ती अजून यायची होती. मी देतोय, एवढाच काय तो कागद.

आता थोरले खिडकीत येऊन हात करेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असं म्हणून फाटकाबाहेर माणसं बसली होती आणि त्यांत हा होता. एरवी चहाबरोबरच्या बिस्किटाला नाही न म्हणणारा माणूस. त्यात मधुमेही.

दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन गेली. ताडपत्रीखाली तो भिंतीला टेकून बसला होता.

"भात आणलाय. दोन घास खा. कुणी बघत नाही."

"सगळेच बघतात," तो म्हणाला.

"गोळी घेतली नाही ना? उपाशीपोटी घ्यायची नसते, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"घेतली. गोळी म्हणजे काय जेवण नव्हे."

"अहो, अक्कल पण उपाशी ठेवलीत का?"

तो हसला. ओठ कोरडे होते. शेजारी बिल्लेवाला येऊन उभा राहिला. हा वसाहतीतला थोरल्यांचा कार्यकर्ता, छातीवर बशीएवढा बिल्ला लावायचा. "वहिनी, डबा बंद करा," तो गोडीत म्हणाला. "इथे वास सुटतो, बाकीच्यांचा निश्चय ढळतो. कोण शेवटपर्यंत बसलं आणि कोण उठलं, हे उद्या आठवणारच ना लोकांना? वसाहतीच्या भल्याचंच सांगतो."

तिने झाकण लावलं. चादरींचं नवऱ्याला सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बिल्लेवाला हलला नाही.

दुपारची निळी पिशवी आली तेव्हा तिचं चित्त ताडपत्रीखालीच होतं. हात आपले काम करत होते. तिच्या हातांना वर्षानुवर्षांची एकच विद्या येत होती. मळलेलं डावीकडे, स्वच्छ उजवीकडे, बघायचीही गरज नसे. पिशवीतून चादर निघाली, करकरीत, साबणाचा वास असलेली, आणि हातांनी ती उजवीकडे ठेवली. तिथून ती ढिगाबरोबर ट्रॉलीत गेली.

संध्याकाळी काम सुटायच्या वेळी वायरवाला तळघरात उतरला. वरच्या मजल्यावर पहारा देणारा हा माणूस. कानात वायर, अंगात कडक सफारी. तळघरात तो याआधी कधी आला नव्हता. त्याच्या हातात निळ्या दोऱ्याची चादर होती.

"ही बाळंतिणींच्या वॉर्डात निघाली," तो म्हणाला. "न धुता. पिशवी कुणी रिकामी केली?"

यंत्रं बंद होती, त्यामुळे त्याचा आवाज नको इतका ऐकू आला. मुकादम म्हणाला, "साहेब, गर्दीत होतं कधीकधी..."

"मी," वहिनी म्हणाली.

"का? ही चादर स्वच्छ होती?"

प्रश्न साधाच होता. दहा-बारा बायका जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. हो म्हटलं तर थोरले त्या पलंगावर झोपत नाहीत. नाही म्हटलं तर बाळंतिणीखाली मळकी चादर घातली.

"घाण होती, साहेब," शिडी म्हणाली. "हिचं लक्ष नव्हतं. नवरा उपाशी बसलाय हिचा बाहेर, थोरल्यांसाठी."

"घाण कशावरून?"

"वास येत होता."

"कसला?"

"माणसाचा," ती म्हणाली.

वायरवाल्याने खांदे सैल सोडले. तेव्हा कुठे वहिनीला त्याचा चेहरा नीट दिसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. हाही आपल्यासारखाच घाबरलाय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याने तिला धीर आला नाही, उलट होता तोही गेला.

"बरोबर," तो म्हणाला. "रात्री घाम येतो त्यांना." जाताना दारात थांबला. "तळघरातलं तळघरात राहू द्या. पुन्हा असं झालं तर एकटीवर भागणार नाही. सगळ्या जाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने सांगितलं की थोरल्यांना शांत झोप लागली आणि त्यांनी थोडं सूप घेतलं.

पिशवी उघडली. चादर चुरगळलेली होती. अशी चुरगळलेली, की कुणी दोन्ही मुठींत धरून पिळली असावी. मधोमध खळगा नव्हता, कूस बदलल्याच्या रेघा नव्हत्या. आणि एका टोकाला सुपाचा मोठा डाग होता. शिडीने चादर फिरवून बघितली. डोक्याकडची बाजू रुंद दुमडीची असते, पायाकडची अरुंद. डाग अरुंद दुमडीवर होता.

"अगं बाई," ती वहिनीच्या कपाळाशी येऊन कुजबुजली, "सूप पायाने पितात की काय?"

वहिनीला हसू फुटलं. शिडीलाही. दोघी चादरीत तोंड खुपसून खदखदत राहिल्या, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी थांबेना. वहिनीने पदराने तोंड पुसलं. चादरीला आता खरोखरच माणसाचा वास लागला होता.

"नवऱ्याला सांग," शिडी म्हणाली. "मरेल तो."

"सांगितलं तर सगळ्या जाल म्हणाला ना वायरवाला. तुझ्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय."

शिडीने टोक जुळवलं.

दुपारची सुट्टी व्हायच्या आतच फाटकावरचा पहारेकरी तळघराच्या जिन्यावरून वाकून म्हणाला, "वहिनी, रंगाऱ्याला घाम सुटलाय. काहीबाही बोलतोय." तिने हातातला अभ्रा टाकला. कपाटातल्या डब्यातली साखर ग्लासात घेतली, पाणी ओतलं, ढवळत ढवळतच जिना चढली. शिडी मागून येत होती, लांब ढांगा टाकत.

ताडपत्रीखाली तो आडवा होता. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, बोटं थरथरत होती. घाम सुटला, हात कापायला लागले की साखर द्या, एक मिनिट थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एरवी या माणसाच्या चहातली अर्धा चमचा साखर ती हिसकावून घ्यायची. आता तिने ग्लास त्याच्या ओठांना लावला.

त्याने तोंड फिरवलं.

"प्या म्हणते ना."

"खिडकीत आले की," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"वहिनी, घाबरू नका," बिल्लेवाला म्हणाला. तोही उपाशीच होता बहुतेक, डोळे खोल गेले होते. "आजचं पत्रक ऐकलंत ना? सूप घेतलं त्यांनी. आज-उद्या येतीलच खिडकीत. एवढं बसलात, आता तासाभरासाठी कशाला घालवता?"

तिने नवऱ्याच्या तोंडाशी कान नेला, घडी घालताना न्यायची तसा. "ऐका," ती कुजबुजली, "मला एक ठाऊक आहे. वर..."

"सांगू नकोस." त्याने तिचं मनगट धरलं. पकड लहान मुलासारखी होती. "मला कळतंय. इथे सगळ्यांना कळतंय. दोन दिवस झाले, त्या खिडकीकडे कुणी बघतसुद्धा नाही." त्याने श्वास घेतला. "पण पहिला कोण उठणार? कागद यायचाय अजून घराचा. कुणाच्या हातून येणार, देव जाणे. जो पहिला उठेल, त्याचं नाव..."

पुढचं त्याला जमलं नाही. डोळे वर फिरायला लागले.

वहिनीने मान वर केली. माणसं बसली होती ओळीने, भिंतीला टेकून, गुडघ्यांत मान घालून. खरंच, एकही चेहरा वरच्या खिडकीकडे नव्हता. सगळे तिच्या हातातल्या ग्लासाकडे बघत होते, आणि ती बघते आहे असं दिसताच त्यांनी नजरा वळवल्या. फाटकाच्या आत वायरवाला उभा होता. त्याचीही नजर इकडेच होती.

दोन खोल्या. भिंतींना तिच्याच नवऱ्याने दिलेला फिकट पिवळा रंग. तळघरातल्या दहा-बारा बायका. शिडीची लेक.

तिने शिडीकडे बघितलं. शिडी एवढी उंच, की तिच्या तोंडाकडे बघायला वहिनीला आभाळाकडे बघावं लागलं.

"बोल," शिडी म्हणाली. "आणि हळू नको."

वहिनीने एका हाताने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, दुसऱ्या हाताने ग्लास धरला, आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा, पण भाजी महागली म्हणून सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"थोरले वारले. त्यांच्या चादरी आम्ही धुतो, आम्हाला माहीत आहे. तुम्ही आता पाणी प्या."