पाचाची जागा

"दादा, झोत सोडा," मुंगी म्हणाली आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

यंत्र सांभाळणाऱ्या दादांनी बटण दाबलं. शिशाच्या जाड दारापलीकडे क्ष-किरणांचा झोत तिच्या नमुन्यावर पडला. युरेनियमच्या संयुगाची चिमूटभर करडी पूड, दोन पापुद्र्यांत सीलबंद. तेवढ्यासाठी तिनं चार वर्षं बंद पेटीच्या हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून काढली होती. प्रयोगशाळेत तिला मुंगी म्हणत ते उगाच नाही.

तिच्या मार्गदर्शक मॅडम मागेच बसल्या होत्या. पडद्यावर दोन उभ्या रेषा आखलेल्या. डावी चार इलेक्ट्रॉन सोडलेल्या युरेनियमची, उजवी सहा सोडलेल्याची. युरेनियमनं जितके जास्त इलेक्ट्रॉन सोडलेले असतील, तितकं आलेखाचं शिखर उजवीकडे सरकतं. मुंगीचा दावा पाचाचा होता. आणि असल्या संयुगात पाच टिकूच शकत नाही, असं एकोणीस वर्षांपूर्वी मॅडमनीच छापलं होतं. त्या एका लेखावर त्यांचं नाव झालं होतं.

वीस मिनिटांनी शिखर उगवलं. दोन्ही रेषांच्या मधोमध.

मुंगीनं तोंडावर हात दाबला. मॅडम पडद्याजवळ सरकल्या.

"एका मापानं हुरळून जाऊ नये," त्या म्हणाल्या. "अजून घे."

दुसऱ्या मापात शिखर केसभर डावीकडे आलं. मॅडमना तत्क्षणी उमगलं. झोतच पूड बिघडवून पाचाचं चार करत होता. नमुना जरासा सरकवून कोऱ्या जागी माप घ्यायचं, बस्स. असले बिघडलेले नमुने त्यांनी ढिगानं पाहिले होते. त्यांनी चष्मा काढला, काच सावकाश पुसली आणि तो परत डोळ्यांवर चढवला.

"मॅडम, हे सरकतंय का हो?"

"बघत राहा. खरं उत्तर दमानं येतं."

मध्येच मॅडमना फोन आला, त्या बाहेर जाऊन आल्या. सहाव्या मापाला शिखर डाव्या रेषेवर जाऊन बसलं.

"चारच आहे," मुंगी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "मग ते पहिलं माप?"

"पहिलं असंच फसवतं. काढून टाक."

तिनं काढून टाकलं.

"आणि उरलेली पूड?"

"कचऱ्यात दे. कशाला जीव अडकवून ठेवतेस?"

पूड कचऱ्यात देण्याच्या अर्जावर सही करून मुंगी फोन लावत बाहेरच्या बोळकांडीत गेली. तिचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"नाही जमलं, बाबा... नाही, एकटी कुठे? मॅडम होत्या ना. त्या होत्या म्हणून निभावलं."

दादांनी यंत्र बंद केलं.

"नमुना सरकवायला सांगितलं नाहीत, मॅडम?"

"तिनं विचारलं नाही."

"मला विचारलं होतं, सरकवू का म्हणून. तुम्ही फोनवर होतात तेव्हा." दादा मान वर न करता म्हणाले, "मी म्हटलं, मॅडम पाठीशी आहेत. चुकत असतीस तर त्यांनी चुकू दिलं असतं का?"

मॅडमनी कागद गोळा करून बॅगेत भरायला घेतले. एक खाली पडला, तो उचलायला त्या वाकल्या आणि जरा वाकलेल्याच राहिल्या.

दार उघडलं. मुंगीचे डोळे धुतलेले होते.

"ती बॅग मला द्या, मॅडम," ती म्हणाली. "जड आहे."

मॅडमनी दिली.