पाचवा सिलिंडर थंड

सासूबाई हँगरच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावर चामडी टोपी, तिचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला, कपाळावर उडायचा चष्मा आणि मांडीवर पर्स. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं हजारदा विचारलं असेल, पण त्याच्या विमानात त्या कधी बसल्या नव्हत्या. "लाकूड, कापड आणि तुमचा आत्मविश्वास. तिन्हींवर माझा भरवसा नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज सकाळी मात्र चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "इंजिन या खेपेला सुनेनं बांधलंय ना? मग बसते एकदा. पण आजच. ही टोपी एकदा डोक्यावरून उतरली की पुन्हा चढायची नाही."

सासरेबुवांना आभाळ ठेंगणं झालं. सुनेनं मात्र चहा अर्धा टाकून हत्यारांची पेटी उचलली.

सासरेबुवा पेशानं सुतार. विमानाचे पंख, सांगाडा, शेपटी, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलं होतं. सून कारखान्यात जनरेटर दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी या शंभरी गाठलेल्या इंजिनात डोकं घालायची. तिच्या नवऱ्याला शिडीवर चढलं तरी गरगरायचं, त्यामुळे या खटाटोपात त्याचा वाटा डबा पोचवण्यापुरता.

इंजिन तसं उफराट्या डोक्याचं होतं. साध्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि आतला दांडा फिरतो. इथे दांडा विमानाला घट्ट जखडलेला आणि त्याच्याभोवती नऊच्या नऊ सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात. वंगण म्हणून एरंडेल. ते इंजिनात जातं आणि फिरता फिरता सगळ्या जगावर उडतं.

"म्हणजे वर जाऊन एरंडेल प्यायचं?" सासूबाईंनी विचारलं. "ते तर मला जमिनीवरही मिळतं."

सुनेनं पंख्याला झटका दिला. इंजिन धडधडलं, निळसर धुराचा लोट हँगरमध्ये शिरला, आणि लगेच तिचे कान टवकारले गेले. आवाजात खोट होती. ठोके नीट पडत होते आणि मधेच एक गायब. चांगला धावणारा माणूस दर थोड्या पावलांनी ठेचकाळावा तसं.

सासूबाईंनाही ते ऐकू आलं. "अगं, याला उचकी लागलीय."

"हो आई. बघते."

"बघ. मी बसलेय. पण उचकी लागलेल्या घोड्यावर मी बसायची नाही."

इंजिन बंद झाल्याबरोबर शेजारच्या हँगरमधले गृहस्थ आलेच. स्वतःचं विमान ते क्वचितच उडवत, पण दुसऱ्याच्या विमानाबद्दल त्यांना सगळं ठाऊक असे. मैदानावर सगळे त्यांना सल्लागार म्हणत. "खालच्या सिलिंडरचा प्लग," ते खिशातून हातही न काढता म्हणाले. "तेल खालीच साचतं. सरळ गोष्ट आहे."

"काका, खालचा म्हणजे कुठला?" सुनेनं हसून विचारलं. "हे थांबतं तेव्हा दर वेळी वेगळाच सिलिंडर खाली येतो."

सल्लागारांनी इंजिनाकडे असं पाहिलं, जणू त्यानं त्यांच्याशी दगाबाजी केली होती.

सुनेनं बोट ओलं केलं आणि एकेका सिलिंडरला टेकवत गेली. जो जळतो तो तापतो. जो जळत नाही तो गार राहतो. चुर्र, चुर्र, चुर्र. एकावर मात्र बोट तसंच राहिलं. त्यावर कोरलेला आकडा पाच.

"पाचवा थंड आहे, बाबा."

"मग प्लग बदल," सासरेबुवा घाईनं म्हणाले. त्यांचा एक डोळा बायकोच्या टोपीवर होता.

तिनं नवा प्लग घेतला नाही. पाचव्याचा प्लग सहाव्याला लावला, सहाव्याचा पाचव्याला. प्लग चोर असेल तर आता सहावा गार पडायला हवा. पुन्हा पंखा, पुन्हा धडधड, पुन्हा ओलं बोट. सहावा चुरचुरला. पाचवा थंडच.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण," ती म्हणाली. "प्लग निर्दोष आहे."

"मग मॅग्नेटो," सल्लागार म्हणाले. "ठिणगी तयार करणारं यंत्रच कमजोर झालंय. बाहेरून मागवा. येईल महिन्याभरात."

"मॅग्नेटो एकच आहे काका, आणि तो नवांनाही ठिणगी देतो. बाकीचे आठ जेवतायत म्हणजे स्वयंपाक झालेला आहे. पाचव्याच्या ताटात का पडत नाही, एवढंच शोधायचं."

"अशी बोलते ही," सासूबाई सल्लागारांना म्हणाल्या. "घरी मला पण असंच ऐकवते. बसा, खुर्ची आहे."

सुनेनं पेट्रोल बंद केलं, प्लग सगळे काढले आणि पाचव्याची उघडी पितळी तार सिलिंडरच्या अंगाजवळ धरायला बाबांना सांगितली, लाकडी चिमट्यानं. ती पंखा हातानं फिरवू लागली. तार ठणठणीत होती, कुठे टेकत नव्हती, तरी ठिणगी आलीच नाही. सहाव्याच्या तारेतून टपोरी निळी ठिणगी उडाली आणि बाबा दचकून मागे सरकले.

"तुम्हाला लागली का हो?" सासूबाई.

"नाही गं, कौतुकानं हललो."

आता एकच जागा उरली. मॅग्नेटोची ठिणगी ज्या काळ्या कडीवरून वाटली जाते ती. इंजिनाच्या पाठीला बसवलेली, एबोनाइटची, म्हणजे वीज जाऊ न देणाऱ्या कडक रबराची, तिच्यात नऊ पितळी पट्ट्या, प्रत्येक पट्टीतून एकेका सिलिंडरला तार. इंजिनाबरोबर कडी फिरते आणि कोळशाचा एक ठोकळा पाळीपाळीनं प्रत्येक पट्टीला शिवतो. सुनेनं झाकण काढलं, विमानाखाली पाठीवर झोपली आणि विजेरी रोखली. पट्ट्या स्वच्छ. ठोकळा नीट. काळ्या कडीला कुठे चीर नाही.

बाहेर सावल्या लांब होऊ लागल्या होत्या. सासूबाईंच्या हनुवटीखाली हात गेलेला तिला चाकांमधून दिसला. पट्टा सोडतायत की काय? हात हनुवटी खाजवून परत पर्सवर आला.

तिनं विजेरी तिरकी केली. आणि तेव्हा ते चमकलं. पाचव्या पट्टीपासून कडीच्या धातूच्या काठापर्यंत केसाएवढी, रुपेरी, अगदी सरळ रेघ. इतकी सरळ की तडा असणं शक्यच नव्हतं. ती माणसानं काढली होती, आणि तीही मोजपट्टी लावून.

"बाबा," ती खालूनच म्हणाली, "ही कडी उतरवताना तुम्ही तिच्यावर काही खूण केली होती का?"

"केली की! परत बसवताना जागा चुकायला नको. सांध्यावर खूण केल्याशिवाय मी आयुष्यात काही सोडवलेलं नाही."

"कशानं?"

"पेन्सिलीनं. दुसरं कशानं करणार?"

सून विमानाखाली पडल्या पडल्या इतकी हसली की तोंडात एरंडेलाचा थेंब गेला.

"बाबा, पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते. तुम्ही पाचव्याच्या ठिणगीला पळून जायला पक्की सडक बांधून दिलीत!"

सासरेबुवांचा चेहरा पडला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ते पुटपुटले. सल्लागार तोंड उघडणार तोच सासूबाईंनी हात वर केला. "तुम्ही नको. यांना बोलायचा हक्क माझा आहे." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, घरातल्या कपाटांवर खुणा, दारांवर खुणा, माझ्या पोळपाटाच्या बुडाला खूण. आता विजेलाही?"

"तू टोपी काढू नकोस," ते एवढंच म्हणाले.

रेघ नुसती पुसून भागणार नव्हतं. ठिणग्यांनी ती आत भाजली गेली होती. पण इथे सुतारच कामी आला. काचेच्या धारेनं सासरेबुवांनी कडी अशी तासली की पाहणाऱ्यानं श्वास रोखावा. मग स्पिरिटनं पुसून लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिला. घडवंच्यांना देतात तोच. सून त्यावर फुंकर घालत बसली. वाळल्यावर कडी बसवली, तारा जोडल्या, प्लग घट्ट केले.

सासरेबुवा मागच्या आसनात बसले. पंखा फिरला. इंजिन लागलं, आणि यावेळी आवाजाला कुठेही खळगा नव्हता. सगळ्या मैदानावर तो एकसंध घुमला. सासूबाई उठल्या, पर्स सल्लागारांच्या हातात दिली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढच्या आसनात चढल्या.

विमान गवतावरून उचललं गेलं तेव्हा सुनेला आपण टाळ्या वाजवतोय हे कळलं नाही. दोन गिरक्या झाल्या. मग विमान उतरायला वळलं, आणि आवाज तुटला.

लागला. पुन्हा तुटला.

सुनेच्या टाळ्या थांबल्या. इंजिनाला काही झालं नव्हतं, ते तिला माहीत होतं. या इंजिनाचा वेग कमी करता येत नाही. एक तर पूर्ण चालतं किंवा नाही. म्हणून उतरताना पायलट विमान वळवायच्या दांड्यावरचं बटण दाबून ठिणगी तोडतो, सोडतो, तोडतो. पण हे आईंना कुणीच सांगितलं नव्हतं! ती गवतातून धावत सुटली.

विमान थांबलं. सासूबाईंचा चेहरा तेलानं चकचकत होता.

"आई, घाबरलात का? ते इंजिन मधेच—"

"बंद पडत होतं. चार-पाचदा. पहिल्यांदा वाटलं, संपलं. मागे बघितलं तर हे हसत होते. म्हटलं, यांच्या हसण्यावर काय जायचं? मग म्हटलं, इंजिन सुनेचं आहे, लागेल परत. लागलं."

सासरेबुवांनी ओशाळून बटणाची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी ती नीट ऐकून घेतली.

"म्हणजे एक बटण दाबलं की एवढी बडबड गप्प?"

"हो."

"आणि अशी सोय असते हे इतकी वर्षं मला बोलला नाहीत!"

सल्लागार पर्स पोटाशी धरून हसत सुटले. सासूबाईंनी खाली उतरायला कुणाचा हात मागितला नाही. उलट आसनाचा पट्टा एक भोक आणखी आवळला.

"माझ्या पुढ्यातही दांडा आहे, म्हणजे बटणही असेल. कुठलं ते दाखव गं. अहो, तुम्ही नुसतं चालवा, गप्प मी करते. अजून उजेड आहे. सूनबाई, पंखा फिरव."